चोरखमाऱ्याच्या पाण्यावर थंडीची एक सकाळ

धान कापून झाले, पुंजणे रचून झाले, कित्येकांचे चुरणेही आटोपले. बांध्यांतली लाखोळी आपली आपण वाढते आहे. उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायला अजून थोडा अवकाश आहे. तुमच्या वर्षातले हे चार-आठ दिवस मोकळे असतात हे मला पक्के ठाऊक आहे. तीस वर्षे याच दिवसांत मी तुमच्या गावी सभा घ्यायला येतो, आणि तुम्ही मंडईला नाहीतर पाहुण्यांकडे गेलेले असता. माझ्यासमोर सतरंजीवर सरपंच, कोतवाल आणि शाळेची पोरे, एवढीच मंडळी.

तेव्हा या खेपेला सभा नाही, खताच्या मात्राही नाहीत. अंगावर घोंगडी घ्या, कानाला मफलर गुंडाळा आणि माझ्याबरोबर डोंग्यात बसा. आपल्याला चोरखमाऱ्याच्या तलावावर जायचे आहे.

घाटावरच्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी चोरखमारा हे नाव ऐकले नसेल. महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकाला गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. त्यातला तिरोडा तालुका वैनगंगेच्या अंगाचा. तिरोड्याचे स्टेशन नागपूर-गोंदिया लोहमार्गावर आहे. तिथून दक्षिणेला निघाले की सपाट धानबांध्या हळूहळू मागे पडतात आणि समोर निळसर डोंगरांची रांग उभी राहते. रांगेच्या पायथ्याशी चोरखमारा आहे. गावापाशी नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचे एक फाटक आणि जवळच हा तलाव. १९२३ साली, इंग्रजी अमदानीत, मातीची पाळ घालून तो बांधला. शेजारचा बोदलकसा त्याच्याहून सहा वर्षांनी वडील, १९१७ सालचा.

आमच्या भागाला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगाच नाही. सरकारने तलाव बांधायच्या कितीतरी आधी इथल्या कोहळी लोकांनी बांधले होते. गोंड राजांनी त्यांना काशीकडून आणले असे म्हणतात. पाण्याचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून कुठे पाळ घालायची, कुठे तुडूम बसवायचे, हे त्यांनी ठरवले. नवेगावबांधचा अफाट तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. पदवी घेतलेला मी, लेव्हलची दुर्बीण लावून अर्धा दिवस घालवतो, तिथे हे लोक पावसाळ्यात रानात उभे राहून पाणी कुठे धावते एवढेच पाहत. मालगुजारी १९५१ साली संपली आणि ते तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ म्हणून त्यांना आज आपण मामा तलाव म्हणतो. मामाची संपत्ती खायला भाचे पुष्कळ, पण मामाच्या पाळीवरची बेशरम उपटायला कोणी नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता एक गंमत पाहा. नागझिऱ्याच्या भोवतालच्या गावांची नावे ऐका. मंगेझरी, पिटेझरी, उमरझरी. आणि मधोमध खुद्द नागझिरा. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांना गावाची ओळख पाटलावरून किंवा देवळावरून सांगावीशी वाटली नाही, पाण्याच्या झऱ्यावरून सांगावीशी वाटली. नागझिऱ्यात डोंगरातून एक झरा बाराही महिने पाझरतो. त्याच्याजवळ नागाचे ठाणे आहे, त्यावरून नाव पडले असे सांगतात. मे महिन्यात नाले आटतात, पण हा झरा वाहतो, आणि त्याच्यावर जगणाऱ्या तळ्याकाठी जंगलातली जनावरे येऊन उभी राहतात.

झरा वाहतो कसा? तुमच्या विहिरीला पाणी येते तसाच. आमच्याकडे वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या माळावर तो पडला की माती घेऊन पळतो. जंगलात तो आधी पानांवर पडतो, मग पालापाचोळ्याच्या गादीवर, मग मुळांच्या वाटेने जमिनीत उतरतो. खडकाच्या फटींतून सावकाश खाली सरकत तो कित्येक महिन्यांनी डोंगराच्या पायथ्याशी बाहेर येतो. डोंगर म्हणजे एक मोठे रांजण समजा आणि झरा म्हणजे त्याची झिरपणारी बुडाशी असलेली फट. झाडी गेली की रांजण फुटले.

याच कारणाने झऱ्याचे पाणी थंडीत कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार. पहाटे विहिरीवर अंघोळ करणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. जमिनीच्या पोटात ऊन-थंडी फारशी पोचत नाही, म्हणून पाण्याची ऊब वर्षभर जवळजवळ सारखी राहते. माझा पुतण्या अमेरिकेत आहे. त्याने मागच्या वर्षी फ्लोरिडा प्रांतातल्या क्रिस्टल नदीचे फोटो पाठवले होते. ती नदी झऱ्यांच्या पाण्यावर वाहते. समुद्र गारठला की मॅनाटी नावाची म्हशीएवढी अवजड समुद्रगाय शेकड्यांनी त्या नदीत शिरते, कारण झऱ्याचे पाणी हिवाळ्यातही बावीस अंशांच्या आसपास उबदार असते. लोक कयाक नावाच्या अरुंद होडीत बसून, दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे मारत, आवाज न करता त्या जनावरांना पाहायला जातात. कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या शिकारी लोकांची, सीलच्या कातड्याची. आता ती हौसेची झाली आहे. पुतण्याने विचारले, ‘काका, तुमच्याकडे असे काही आहे का?’

मी त्याला लिहिले, की आमच्याकडे डोंगा आहे.

पूर्वी डोंगा एका झाडाच्या खोडातून कोरलेला असे. आता तसली खोडेही नाहीत आणि कोरणारे हातही थोडेच उरले. फळ्यांचा नाहीतर पत्र्याचा डोंगा जास्त दिसतो. तो हौसेचा नाही. ढीवर समाजाचा तो नांगर आहे.

मासेमारी करणाऱ्या मंडळींना विचारून, एका वयस्क ढीवर गृहस्थांबरोबर जायचे मी ठरवले. त्यांना सगळे मामाजी म्हणतात, मीही म्हणतो. त्यांनी दोन अटी घातल्या. जंगलाच्या बाजूच्या काठाला उतरायचे नाही, कारण वनखात्याच्या हद्दीत परवान्याशिवाय पाऊल टाकणे गुन्हा आहे. आणि पाण्यावर बिडी ओढायची नाही. दुसरी अट त्यांनी स्वतःसाठीच घातली असावी, कारण मी ओढत नाही.

डिसेंबरची सकाळ. सहा वाजता पाळीवर पोचलो तेव्हा पारा सात-आठ अंशांवर असावा. तलाव दिसतच नव्हता. पाण्यावर हातभर उंचीची वाफ उभी होती, दुधाच्या कढईवर असते तशी. दिवसभर तापलेले पाणी रात्रीच्या हवेपेक्षा उबदार राहते, म्हणून ही वाफ. मला पोहता येत नाही. हे मी तीस वर्षे तलावांच्या जिल्ह्यात नोकरी करून सांगतो आहे, हसू नका. मामाजींनी मला हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब दिली.

‘‘मधात बसा जी साहेब. हालू नोका. हाललं का पानी, अन् पानी हाललं का पाखरू उठलं.’’

डोंगा सुटला. बांबू तळाला टेकवून ते ढकलत होते, त्याचा एवढासाही आवाज नव्हता. पाळ मागे वाफेत बुडाली आणि वाटले, आपण ढगात आहोत.

आधी आवाज येतात आणि मग पाखरे दिसतात. शिट्टीसारखा बारीक आवाज, तो अडईचा. ही बदके आपल्याकडचीच, कुठे परदेशी जात नाहीत. मग ‘क्रक क्रक’ असा चिडका आवाज, तो वारकऱ्याचा. काळा कुळकुळीत पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. नाव का पडले ते पाहताक्षणी कळते. वारकरी धड उडत नाही. आधी पाण्यावरून पावले आपटत धावतो, मग नाइलाज झाल्यासारखा हवेत चढतो. पन्नास-साठ वारकरी एकदम धावले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट व्हावा तसा आवाज झाला आणि माझा हात ट्यूबवर घट्ट बसला.

सूर्य डोंगरावर आला तशी वाफ फाटली. समोर मोठ्या लालसरीचा थवा होता. नराचे डोके शेंदरी, चोच लालभडक, गळा काळा. मादी बिचारी मातकट, पण पोरे तिलाच उबवायची असल्याने देवाने तिला मातीचा रंग दिला हे बरेच केले. लालसरी बुडी मारून तळाचे शेवाळ आणि वनस्पती खाते. तिच्या शेजारी तलवार बदके होती. ती बुडत नाहीत, फक्त डोके पाण्यात घालून शेपूट आकाशाकडे करतात. एकाच ताटात जेवणारे हे दोन पाहुणे, पण एक तळाचे खातो, दुसरा वरचे. भांडण नाही. ही मंडळी हिमालयापलीकडून, मध्य आशियातून येतात. तिकडे या दिवसांत तळी गोठतात. आपल्या जिल्ह्यातल्या तलावांवर येणारे पट्टेरी राजहंस तर तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात.

मामाजींना ही नावे ठाऊक नव्हती, त्यांची वेगळी होती. पण कोणते पाखरू काय खाते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. काठाच्या उथळ पाण्यात देवधान उगवते, म्हणजे रानटी भात. ते पिकले की बदके येतात आणि पूर्वी ढीवर बायाही सुपे घेऊन येत. ‘‘जिथं बेशरम वाढली तिथं देवधान गेलं, देवधान गेलं तिथं मासोळीची अंडी गेली, मासोळी गेली तिथं आमी गेलो,’’ ते म्हणाले. विद्यापीठात मी पर्यावरणाचा एक पेपर दिला होता. तो सगळा पेपर या वाक्यात होता.

तलावाच्या मध्यावर आल्यावर त्यांनी बांबू टेकवून डोंगा थांबवला आणि ओठांवर बोट ठेवले. पलीकडच्या काठाला, जंगलाच्या सावलीत, सांबराची मादी गुडघाभर पाण्यात उभी होती. तोंडातून पाण्याचे थेंब गळत होते. मागे पिल्लू. आम्ही इतके स्तब्ध होतो की एक कवड्या खंड्या डोंग्याच्या टोकावर बसला, आमच्याकडे पाहिले आणि निघून गेला. थोड्या वेळाने आतून चितळाचा इशारा आला. सांबर मादीने शेपूट उभारले, पुढचा पाय आपटला आणि दोघे आत गेली. काय पाहून गेली ते आम्हाला दिसले नाही. बिबट्या असेल, रानकुत्रीही असतील. नागझिऱ्यात रानकुत्री आहेत, गवे आहेत, अस्वले आहेत. १९७० साली इथे अभयारण्य झाले आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ कमी झाले होते म्हणून मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून इथे सोडल्या.

वाघिणी आल्याचा आनंद शहरातल्या वर्तमानपत्रांत झाला. फाटकाबाहेरच्या गावांत काय झाले ते तुम्ही ओळखाल. ज्याची गाय रानात चरायला जाते, त्याला आनंदाबरोबर धसका असतोच. त्याला उगाच नावे ठेवू नयेत. जनावर मारले गेले तर ते हलवू नका, लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि त्याची प्रत मागून घ्या. उशीर झाला की भरपाईचा कागद टेबलावरच म्हातारा होतो.

परत फिरताना मामाजी आपल्या तरुणपणाच्या गोष्टी सांगू लागले. आधी ते या तलावावर नव्हते. दुसरीकडे एका गावची बोडी ठेक्याने घेत असत. त्यांनी गावाचे नाव घेतले आणि माझ्या पोटात थंडीचा नसलेला गोळा आला.

वाचकहो, आता जे सांगतो ते मी कोणत्याही सभेत सांगितलेले नाही.

१९९८ सालचा खरीप. मी कृषी सहाय्यक होतो, नोकरीला चार वर्षे झालेली, अंगात हौस भारी. त्या वर्षी माझ्याकडच्या गावांत गादमाशीने धानाची वाट लावली. पोंग्याची कांद्याच्या पातीसारखी चंदेरी नळी होते आणि त्या फुटव्याला लोंब येत नाही, हे तुम्ही पाहिले आहे. मी फोरेट दाणेदार टाकायला सांगितले. ते त्या काळी शिफारशीत होते, प्रमाणही मी बरोबर सांगितले होते. बांधीत पाणी अडवून धरा, चार दिवस सोडू नका, असेही सांगितले. फक्त आकाशाकडे पाहिले नाही. दुसऱ्याच रात्री पाऊस कोसळला, बांध्या भरून वाहिल्या आणि ते पाणी खालच्या बोडीत उतरले.

सकाळी मी रस्त्याने मोटारसायकलवर चाललो होतो. बोडीवर मासे उताणे तरंगत होते. चार-सहा बगळे काठावर मरून पडले होते. पाण्यात गुडघाभर उभा राहून एक माणूस टोपलीने मासे बाहेर काढत होता. विकायला नव्हे, पुरायला. त्याने माझ्याकडे पाहिले. मी गाडी थांबवली नाही.

कोणी तक्रार केली नाही. शेतकऱ्याचे धान वाचले, तो खूश होता. माझ्या दैनंदिनीत त्या दिवशी ‘गादमाशी नियंत्रण, समाधानकारक’ असे लिहिलेले आहे.

डोंग्यात मी मामाजींना हे सांगितले. त्यांनी बांबू ढकलायचे थांबवले नाही.

‘‘माहीत हाये जी,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी तुमची लाल होती.’’

मग पुष्कळ वेळ ते बोललेच नाहीत. पाण्यावरची वाफ आता विरळ झाली होती. मी क्षमा मागण्यासाठी काहीतरी जुळवत होतो, आणि ते जुळत नव्हते. शेवटी तेच म्हणाले, ‘‘त्या साली पोरीचं लगन पुढं ढकललं. झालं मंग दुसऱ्या साली. आता तिले नातू हाये.’’ आणि मग, ‘‘आता काय सांगता लोकाइले?’’

आता काय सांगतो ते मी त्यांना सांगितले. तुम्हालाही सांगतो, सभेला न आलेल्यांसाठी म्हणून. फोरेटची विक्री आणि वापर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोणाच्या कोठारात जुनी पिशवी पडली असेल तर ती ‘उरलीसुरली वापरून टाकू’ असे म्हणू नका. नाल्यातही फेकू नका, कृषी कार्यालयात येऊन विचारा. गादमाशीला दाद न देणारे वाण आपल्या सिंदेवाही आणि साकोलीच्या भात संशोधन केंद्रांनी काढलेले आहेत. ते घ्या, रोवणी वेळेवर करा आणि युरिया एकदम ओतू नका. गादमाशीच्या अळीला आतून खाणारी प्लॅटिगॅस्टर नावाची एक चिमुकली माशी आपल्या बांधीत फुकट राबत असते. अंदाधुंद विष टाकले की आधी ती मरते, आणि पुढच्या वर्षी गादमाशी दुपटीने येते. खोडकिड्यासाठी रोवणीनंतर महिनाभराने ट्रायकोकार्ड लावा, आठवड्याच्या अंतराने. बांधीत पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. आणि फवारायची वेळ आलीच, तर तोंडाला फडके, हातात मोजे, आणि तलाव-बोडीला लागून असलेल्या बांधीत दहादा विचार. २०१७ साली यवतमाळकडे कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. तिथे मरायला मासे नव्हते, माणसेच होती.

यात सारसाचाही प्रश्न आहे. सारस म्हणजे माणसाच्या उंचीचा, राखी अंगाचा, लाल डोक्याचा पक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. महाराष्ट्रात तो आता जवळजवळ आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, भंडारा-चंद्रपुरात एखाददुसरा. परसवाड्याच्या तलावाकडे नाहीतर वैनगंगा-बाघ नद्यांच्या काठच्या बांध्यांत जोडी दिसते. या पक्ष्याने घरटे जंगलात केले असते तर वनखात्याला सांगून आपण मोकळे झालो असतो. पण तो पावसाळ्यात तुमच्या धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचतो आणि बहुधा दोन अंडी घालतो. थोडे धान दबते, हे खरे. राजस्थानात भरतपूरजवळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस आल्ड्रिन लावलेले गव्हाचे बियाणे वेचून सारस मेले होते. २०२१ साली सारसासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून प्रकरण हाती घेतले. न्यायालय हुकूम देईल, पण पक्षी अंडी घालतो ती सातबाऱ्यावर तुमचे नाव असलेल्या बांधीत. आमच्याकडच्या काही शेतकऱ्यांनी घरट्याभोवतीचे धान कापायचे मागे ठेवून पिल्ले मोठी होऊ दिली आहेत. मी त्यांच्या बांधावर बसून चहा प्यायलो आहे. त्यांनी कोणाकडे काही मागितले नाही. मागितले असते तर द्यायला माझ्याकडे एक घडीपत्रिका तेवढी होती.

मामाजींनी माझे सगळे ऐकून घेतले.

‘‘हे तिकडं सांगा,’’ त्यांनी बांबूने पाळीच्या वरच्या अंगाकडे दाखवले. ‘‘पानलोटात ज्याच्या बांध्या हायेत त्याइले. माह्यापाशी सांगून मासोळी थोडीच जगते.’’

‘‘बोलावतो बैठक,’’ मी म्हणालो.

‘‘रोवनीच्या आधी. रोवनीत कोनी येत नाई. अन् धान कापल्यावर तं बिलकुलच नाई.’’

म्हणजे माझ्या सभांचे वेळापत्रक तीस वर्षे का चुकत होते तेही कळले.

तुम्हाला हा प्रवास करायचा असेल तर थंडीत या, डिसेंबर ते फेब्रुवारी. तिरोड्याला उतरा. जंगलात जायचे तर फाटकावर रीतसर परवाना आणि वाटाड्या घ्या. आत कचरा टाकू नका, मोठ्याने गाणी लावू नका. पाण्यावर जायचे तर तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय, आणि पोहता येत नसल्यास ट्यूबेशिवाय, जाऊ नका. पाळीवरून पाहिले तरी पाखरे दिसतात. पोरांना आणा, एक वही द्या आणि कोणता पक्षी काय खातो ते लिहायला सांगा. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना सगळ्या आशियाभर होते, तिच्यात गावच्या शाळेने भाग घ्यायला हरकत नाही. घरी गेल्यावर ग्रंथालयात व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ मागा. मारुती चितमपल्लींचे ‘नवेगावबांधचे दिवस’ मागा. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. वनखात्यातला माणूस ढीवर-गोंडांकडून पाखरांची नावे शिकला आणि ती त्याने मराठीला दिली. मी तीस वर्षे त्याच लोकांत फिरलो आणि त्यांना फक्त खताची नावे शिकवली.

पाळ जवळ आली. काठावर मामाजींच्या सूनबाई शिंगाडे उकडत होत्या. हंगामाचे शेवटचे शिंगाडे, साल काळी पडलेली. त्यांनी पानात घालून दिले, पैसे घेतले नाहीत. बैठक जूनच्या पहिल्या आठवड्यात, रात्री आठ वाजता, समाजमंदिरात ठरली आहे. मामाजी म्हणाले, मी येईन, पण मागे बसेन. मी म्हणालो, तुम्ही पुढे बसा आणि त्या बोडीची गोष्ट तुम्हीच सांगा. ते म्हणाले, ‘‘नाई जी. तुमची गोष्ट हाये, तुमी सांगा.’’

डोंग्यातून उतरताना माझा पाय घसरलाच. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेलो. पाणी खरोखरच कोमट होते.